दिव्यानीला कटिंग येत नाही

मंडईच्या दिवशी सावरटोल्यात कोणाच्या घरी किती पाहुणे उतरलेत ते दारातल्या चपलांवरून कळतं. घनश्यामच्या दारात त्या दिवशी सकाळी नऊलाच पाय ठेवायला जागा नव्हती. पण त्यातल्या निम्म्या चपला पाहुण्यांच्या नव्हत्याच, ब्लाउज न्यायला आलेल्या गावातल्या बायकांच्या होत्या. घराच्या पुढच्या छपरीतल्या मशीनवर घनश्यामची बहीण रोशनी मान खाली घालून बसली होती आणि येईल तिला तेच सांगत होती, की हुक तेवढे राहिलेत, दहा मिनिटं बस. तिची दहा मिनिटं केवढी असतात हे गावाला चांगलं ठाऊक होतं. तरी बायका बसत होत्या, कारण इथून वडशापर्यंत तिच्यासारखा गळा कोणी बसवत नाही.

घनश्यामच्या बायकोला, नीलाबाईला, आज ही गर्दी नको होती. अकरा वाजता वडशाहून माणसं येणार होती, तिच्या पोरीला, दिव्यानीला बघायला. आमच्याकडे, या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, दिवाळी सरली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. रात्रीच्या नाटकासाठी लोक येतात असं सगळे म्हणतात, पण नाटक निमित्ताला. अर्ध्या झाडीपट्टीची लग्नं मंडईतल्या चहावर जुळलेली आहेत. नीलाबाईचं तसंच जुळलं होतं, आणि रोशनीचंही. रोशनीचं जुळलं तसं मोडलंही, पण तो विषय आज घरात कोणी काढणार नव्हतं.

हे स्थळ आणलं होतं सोमाजीमामानं, म्हणजे घनश्यामच्या मामानं. मुलगा लोकेश, वडशाच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला. बाप नाही. आई कौतिकाबाई नाटक मंडळ्यांचे कपडे शिवते. हंगामात तिच्या घरी तीन-तीन मशीन चालतात, राजाचे कोट काय, नाचणारीचे घागरे काय. तिची अट एकच होती, सून शिवणारी पाहिजे. सोमाजीमामानं हे सांगितलं तेव्हा नीलाबाई हसलीच होती. शिवणाऱ्याच घरातली पोरगी आहे मामाजी, तिला काय येत नाही, असं ती म्हणाली होती. आता पुढं जे झालं त्यावरून नीलाबाई खोटं बोलली असं कोणी म्हणू नये. सहा वर्षं रोज शाळा-कॉलेजातून आल्यावर आपली पोरगी आत्याशेजारी मांडीवर ब्लाउजांचा ढीग घेऊन बसते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या ढिगाचं पोरगी नेमकं काय करते हे तिनं कधी वाकून पाहिलं नाही, एवढंच. आणि ज्या घरात शिवण चालतं तिथं इतरांना त्यातलं फारसं कळत नाही, हे काही नवल नाही.

तसं पाहिलं तर रोशनीवर तिचा आंधळा विश्वास होता. बारा वर्षांपूर्वी नणंद पेटी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा नीलाबाईनं वर्षभर तोंड वाकडं केलं होतं, ते ती स्वतःही नाकारत नाही. पण शिवण सुरू झालं आणि दोघींचं असं काही जमलं की सासू एका बाजूला आणि या दोघी एका बाजूला. देवकाबाई म्हातारी म्हणायची, की माझ्या पोरीला सुनेनं फोडली. नीलाबाईला ते ऐकून गंमत वाटायची.

दिव्यानी हिरवा ब्लाउज घालून तयार झाली होती. पाठीला पानाचा गळा, बाहीला बारीक पायपिंग. आत्यानं दोन दिवस बाकी सगळी कामं बाजूला ठेवून तो शिवला होता. बायका गेल्यावर दिव्यानी छपरीत आली, मशीनजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आत्या, त्यायनं कापाले लावलं तं?"

"मंडईत कोन कापाले लावते?" रोशनी म्हणाली. "पाया पड, चहा दे अन बस."

पोरगी क्षणभर तिथंच उभी राहिली. मग आत गेली. रोशनीनं तिच्याकडं पाहिलं नाही, धाग्याचं रीळ बदलण्यात फार काम असल्यासारखं ती ते बदलत राहिली.

पाहुणे अकराऐवजी बाराला आले. पुढं सोमाजीमामा, मागं लोकेश, आणि सगळ्यात मागं कौतिकाबाई, कारण ती रस्त्यात थांबून दुसऱ्यांच्या घरची वाळत घातलेली कापडं बघत येत होती. जाड, सावळी बाई. गळ्यात दोरीनं अडकवलेला चश्मा, नखांत निळा खडू. बसल्या बसल्या तिनं सांगितलं की मला फार बोलता येत नाही, आणि मग अर्धा तास तीच बोलली. या वर्षी किती मंडळ्यांची कामं आहेत, एका राजाचं पोट हंगामात कसं वाढतं आणि कोट दर महिन्याला कसा उसवावा लागतो, नागपूरहून येणाऱ्या नट्या माप द्यायला कशा कंटाळतात. घनश्याम खूश होऊन ऐकत होता. तो तलावाच्या मच्छीमार सोसायटीत मासे मोजायचा, त्याच्या आयुष्यात बोलघेवडी माणसं फार आली नव्हती. देवकाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. लोकेश कपाकडं बघत होता आणि मधूनमधून दाराकडं, जिथून दिव्यानी येणार होती.

दिव्यानी आली, पाया पडली, बसली. कौतिकाबाईनं तिला शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही. तिची बाही हातात घेतली, उलटी केली, आतली शिलाई चश्म्याजवळ नेऊन पाहिली. मग पाठ फिरवायला सांगितली आणि गळ्यावरून बोट फिरवलं.

"हे कोनं शिवलं?" तिनं विचारलं.

दिव्यानी तोंड उघडायच्या आत नीलाबाई बोलून गेली, की घरचंच आहे सगळं, आत्या-भाचीचं. कौतिकाबाईनं एकदा छपरीत बसलेल्या रोशनीकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि मान डोलावली. तिला पोरगी आवडली होती, हे स्पष्ट दिसत होतं. मग तिनं पिशवीतून एक नवं पीस काढलं, मेंदी रंगाचं, आणि त्यावर आपला एक जुना ब्लाउज ठेवला.

"मी तुले चालून दाखव म्हनत नाई, सुईत दोरा ओवाले लावत नाई," ती म्हणाली. "हे माहं माप. एवढं कापून दाखव. शिवू नको, नुसतं काप."

सोमाजीमामा हसला. नीलाबाईही हसली आणि लगबगीनं जाजम सारखं करायला लागली, की इथं बस बाळा, ऊन येतं इथं. दिव्यानी छपरीकडं बघत होती. तिची नजर आत्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

आता रोशनीचं सांगायला हवं, नाही तर तिला कोणी नुसतीच दुष्ट समजेल.

आरमोरीकडच्या सासरहून ती परत आली तेव्हा पहिलं वर्ष वडशाच्या मिलमध्ये तांदळाच्या पोत्यांची तोंडं दाभणानं शिवायला जात होती. मग गावातल्या नथ्थू टेलरकडं एक हंगाम बसली, शिकायला म्हणून. नथ्थूनं तिला हुक दिले, काज दिले, तुरपाई दिली. कापायची वेळ आली की तो तिच्याकडं पाठ करून बसायचा. कळायला उशीर लागत नाही. शिवतो कोणीही, धंदा कटिंगचा असतो. नथ्थूला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा तिनं पोटाला चिमटा घेऊन त्याचं हातानं फिरवायचं मशीन घेतलं, पण कटिंग काही त्यानं मशीनबरोबर दिलं नाही. तेव्हा तिनं आपल्या लग्नातला ब्लाउज घेतला आणि टाका टाका उसवला. सुटे झालेले तुकडे उशीखाली दाबून सपाट केले, पेपरावर ठेवून त्यांचे फर्मे कापले. नव्या कापडाला पैसा नव्हता, म्हणून मिलमधून फेकलेली पांढरी पोती आणून त्यांच्यावर हात बसवला. पाठीवर मिलचा शिक्का असलेले अकरा ब्लाउज तिनं शिवले. कोणाची बाही वर, कोणाचा गळा वाकडा. बारावा अंगात बसला त्या दिवशी ती मशीनपुढं एकटीच रडली होती.

आणि एवढं करून मिळवलेलं ते पोरीनं सहज मागितलं. दिव्यानी चौदा वर्षांची होती. आत्या, मला कटिंग शिकव ना, म्हणाली. रोशनीनं तिला हुक दिले. दोन वर्षांनी पोरीनं परत मागितलं, तेव्हा काज दिले. बारावीच्या सुट्टीत तिसऱ्यांदा मागितलं, तेव्हा गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर भरून कोण देईल, असं सांगितलं. त्यानंतर पोरीनं मागितलं नाही. रोशनी कापायची तेव्हा दिव्यानी शाळेत असायची, नाही तर रोशनी पाठ करून बसायची. आपण नथ्थूसारख्या बसतो, हे तिला कळत होतं. कळून ती तशीच बसत होती. या घरात तिचं होतं काय? जमीन भावाची, घर भावाचं, तलावातला वाटा भावाचा. तिची होती एक कात्री. ती पोरीच्या हातात गेली की आपल्याला इथं ठेवायला कोणाला काय कारण उरणार, ही भीती तिनं सहा वर्षं पोटात वागवली आणि कोणाला एका शब्दानं सांगितली नाही.

मेंदी रंगाचं कापड जाजमावर पसरलं तेव्हा तीच भीती उलटी होऊन तिच्यावर आली. ती उठली, छपरीतून आत आली आणि म्हणाली की पोरगी घाबरली आहे, मी खडूनं आखून देते, ती कापेल.

"तुमी राहू द्या, बाई," कौतिकाबाई म्हणाली, आणि ती चिडून बोलली नाही. "तुमचा हात मले बाहीतच दिसला. शिकवनारी एवढी चांगली हाये, तं शिकनारी पाहू द्या."

रोशनी जिथं होती तिथं थांबली. अजूनही सांगता आलं असतं, की पोरीला मी शिकवलं नाही, दोष माझा आहे, मला दोन महिने द्या. वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. पण समोर भाऊ होता, मामा होता, दारात शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या होत्या. तिनं गिळलं.

दिव्यानीनं कापड दुहेरी केलं. मापाचा ब्लाउज त्याच्यावर नीट पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या. खडू घेतला आणि ब्लाउजच्या कडेकडेनं रेघ मारली. मग कात्री घेतली. बाहेर भोंग्यावर रात्रीच्या नाटकाची जाहिरात चालली होती. पोरगी खाली मान घालून चांगली सरळ कापत होती, आणि घनश्याम कौतुकानं सोमाजीमामाकडं बघत होता. नीलाबाईनं तर पदर तोंडाला लावला, एवढं तिला भरून आलं. खोलीत फक्त रोशनीला आणि कौतिकाबाईला कळत होतं काय होतंय. शिवलेल्या ब्लाउजच्या कडा म्हणजे कापायची रेघ नव्हे. शिलाई आत गेलेली असते, टक्समध्ये कापड गेलेलं असतं. तेवढं बाहेर सोडून कापायचं असतं. ज्यानं सहा वर्षं फक्त शिवलेले ब्लाउज हातात धरले, त्याला हे दिसणार कुठून? दिव्यानी रेघेवर कापत गेली आणि रोशनी बघत राहिली.

कापून झालं. कौतिकाबाईनं तुकडे उचलले, आपल्या मापावर धरले, आणि खाली ठेवले.

"कोनाच्या हाताखाली किती वर्सं होतीस, बाई?"

"सहा," दिव्यानी म्हणाली.

"सहा वर्सांत एकदा बी कात्री नाई धरली?"

"मांगतली होती." दिव्यानी आईकडं बघत नव्हती, आत्याकडंही नाही. ती त्या तुकड्यांकडं बघत होती. "तीनदा मांगतली. आत्यानं हुक लावाले देल्ले. मले वाटे मलेच येनार नाई म्हनून देत नसंल."

घनश्यामला अजून नीट उमगलं नव्हतं, तो विचारत होता की काय झालं, कापलं ना पोरीनं. देवकाबाई भिंतीपासून पुढं सरकली आणि म्हणाली की लेकरू घाबरलं, दुसरं पीस द्या, नाहीतर उद्या या. तिला थांबवायला कोणी गेलं नाही आणि तिचं कोणी ऐकलंही नाही.

कौतिकाबाईनं चहा संपवला, अर्धा टाकून उठणाऱ्यातली ती नव्हती. जाताना तिनं दिव्यानीच्या डोक्यावर हात ठेवला. सोमाजीमामाला तिनं सगळ्यांसमोरच सांगितलं, की पोरगी वाईट नाही, माझ्या पोराला आवडलीही असेल; पण हंगाम तोंडावर आहे, सुनेला हाताशी धरून शिकवायला मला सवड नाही. मग दारात चपला घालता घालता ती रोशनीकडं वळली.

"तुमी या हंगामापुरतं, बाई. एक मशीन तुमच्यासाठी ठेवतो. असा हात मले वडशात भेटत नाई."

ती भल्या मनानं बोलली होती. आपण काय करून चाललोय, याची तिला कल्पना नव्हती. लोकेश रस्त्याच्या वळणावरून एकदा मागं वळला, पण तोवर दिव्यानी आत गेली होती.

माणसं गेल्यावर नीलाबाईनं कप उचलले, जाजम गुंडाळलं, मेंदी रंगाचे तुकडे कौतिकाबाई विसरून गेली होती ते घडी करून मशीनवर ठेवले. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं की घनश्याम उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मग ती रोशनीपुढं आली. बारा वर्षं ती तिला नुसतं रोशनी म्हणत होती.

"जा आता, बाई," नीलाबाई म्हणाली. "तुमची जागा तं झाली तिथी. माह्या पोरीची होती, पन तुमची झाली."

रोशनी म्हणाली की मी जात नाही वयनी, मी कुठंच जात नाही. नीलाबाईनं विचारलं की मग पोरीला शिकवलं नाही ते काऊन? फक्त एवढं सांगा, काऊन? मी तुमचं काय खाल्लं होतं? माझ्या पोरीनं काय खाल्लं होतं? तिचा आवाज चढला नाही. रात्रीच्या नाटकासाठी येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक चुलीवर होता आणि मंडईच्या दिवशी घरातलं भांडण शेजारी जाऊ द्यायचं नाही, एवढं भान तिला त्या घडीलाही होतं. रोशनीकडं उत्तर होतं, पण ते असं होतं की ते या बाईला तोंडावर सांगणं म्हणजे तिनं बारा वर्षं वाढलेल्या ताटात थुंकण्यासारखं होतं.

उत्तर दिलं ते देवकाबाईनं.

म्हातारी सुनेशी कधी नरम बोलली नव्हती. पण लेकीला अशी उभी पाहून तिच्यानं राहवेना. आणि दुसरंही एक होतं. तिला आठवत होती ती सहा वर्षांपूर्वीची दुपार. रोशनी तेव्हा पोरीला शिकवायलाच निघाली होती. वर माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला होता, फर्मे बाहेर ठेवले होते, पोरीला हाक मारायला उठलीही होती. तेव्हा देवकाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं होतं. सगळं शिकव, पण कटिंग नको शिकवू, असं तिनंच सांगितलं होतं. पोरीला आलं की मग तुझं इथं काय काम, मी आज आहे उद्या नाही, मागं तुला कोण ठेवेल? लेकीच्या काळजीनं बोलली होती. परक्या घरून मार खाऊन आलेली पोर, तिचं पुढं कसं होईल या विचारानं म्हातारीला झोप येत नव्हती त्या दिवसांत. नात काय, तिला बाप आहे, आई आहे, तिचं होईल, असा तिचा हिशेब. बरा वाटला होता तो तेव्हा. आज तिची नात आतल्या खोलीत दार लावून बसली होती.

"तिले बोलू नको," देवकाबाई सुनेला म्हणाली. "मी नाई म्हनलं होतं. मीनं डबा वर ठेवाले लावला."

घनश्याम अंगणातून आत आला. "माये, तू?"

म्हातारीनं मान हलवली. तिला वाटलं होतं की खरं सांगितलं की लेकीवरचं अर्धं तरी आपल्यावर येईल. तसं काही झालं नाही. नीलाबाईनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तिला कळलं, की सासूविरुद्ध आपण दोघी एक, असं ती इतकी वर्षं मानत आली, तेव्हाही माळ्यावरच्या डब्याची गोष्ट मायलेकींनी आपल्यापासून लपवलीच होती. ती चुलीपाशी गेली. संध्याकाळी पाहुण्यांना जेवायला वाढताना तिनं हसून सगळ्यांना आग्रह केला, आणि कोणाला काही समजलं नाही.

दिव्यानी नाटकाला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीनं माळ्यावरून तो डबा काढला. बिस्किटाचा मोठा चौकोनी डबा, झाकणाला गंज चढलेला. आतले फर्मे पिवळे पडले होते, कडा खडूनं निळ्या झालेल्या. तिनं ते मशीनशेजारी जाजमावर एकेक करून मांडले. पाठ, पुढची कटोरी, बाही, पट्टी. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दिव्यानी बॅग भरत होती. रोशनी म्हणाली, बाळा, ये, बस, मी आजपासून सगळं शिकवते, महिन्यात तुझा हात बसेल, मी स्वतः वडशाला जाऊन त्या बाईला सांगते की चूक माझी होती.

दिव्यानीनं बॅगेची चेन ओढली. ती रडत नव्हती, रात्री रडून झालं असावं. तिनं सांगितलं की ती गडचिरोलीला मामाकडं, नीलाबाईच्या भावाकडं जातेय. मामा ज्या कापडाच्या दुकानात आहे तिथं एक मुलगी हवी आहे, कापड दाखवायला आणि घडी घालायला. मामाशी फोनवर बोलणं झालं आहे.

"मले शिकवाले बसलीच तं आता कोनासाठी शिकवशीन, आत्या?" ती म्हणाली. "तवा मले लय हौस होती. माह्या वहीच्या पानावर मी ब्लाउज काढत होती. आता कात्री पाहाले बी नको वाटते."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर रोशनीला सोपं गेलं असतं. राग उतरतो. पोरगी नुसतं सांगत होती, जसं कोणी सांगतं की मला आता ती भाजी आवडत नाही. रोशनीनं तिचा हात धरला. दिव्यानीनं तो काही झटकला नाही, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग बॅग उचलायची म्हणून सोडवून घेतला.

साडेनऊच्या एसटीला तिला पोचवायला नीलाबाई आणि घनश्याम गेले. देवकाबाईच्या पाया पडून ती निघाली. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि तोंडातल्या तोंडात काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. रोशनी छपरीत मांडलेल्या फर्म्यांजवळ बसून राहिली. मंडईचे पाहुणे आपापल्या गावाला निघाले होते, रस्त्यानं बायका-पोरं पिशव्या घेऊन चालली होती. दोघी-तिघींनी तिला वाटेवरून विचारलं, की पुढच्या लग्नसराईचे ब्लाउज घेशील ना गं, आधीच सांगून ठेवतो. ती हो म्हणाली. सगळ्यांना हो म्हणाली.

घनश्याम परतला तो सरळ छपरीत आला. नीलाबाई त्याच्या मागून घरात गेली, तिनं छपरीकडं पाहिलं नाही. घनश्याम खाटेवर बसला आणि बराच वेळ फर्म्यांकडं बघत राहिला. मासे, जाळं, तलावाचं पाणी यातलं त्याला सगळं कळायचं, घरातल्या बायकांमधलं कधी काही कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची त्याला गरजही पडली नव्हती. शेवटी तो म्हणाला की वडशाला जायचं असेल तर जा, हंगामापुरतं. जायचं नसेल तर नको जाऊ. माझं काही म्हणणं नाही.

तेव्हा रोशनी बोलली. इतक्या वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं ते एका दमात बोलली, डोळे खाली ठेवून.

"भाऊ, मले वाटलं, पोरीले कटिंग आलं का मंग तुमाले माही गरज राहनार नाई. मंग तुमी मले ठेवनार नाई."

घनश्यामनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू ती परक्या भाषेत बोलली. त्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"अवं येडे," तो म्हणाला, "तुले का शिवनासाठी ठेवलं होतं? तू आली तवा तुले कुठी शिवता येत होतं?"

रोशनीनं तोंडाला पदर लावला. रडू तिला आवरेना, आणि ती मोठ्यानं रडणारी बाई नव्हती. घनश्याम खाटेवरून उठला, पण तिच्याजवळ जाऊन काय करावं हे त्याला सुचेना म्हणून तसाच उभा राहिला. आत नीलाबाईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. ती दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. नणंद अशी रडताना तिनं एकदाच पाहिली होती, पेटी घेऊन आली त्या दिवशी, आणि तेव्हाही ती तिच्याजवळ गेली नव्हती.

"हे मले इचाराचं होतं, रोशनी," नीलाबाई म्हणाली. "एकदा मले इचाराचं होतं, मले ठेवाल का म्हनून. मी हो म्हनली असती."

एवढं बोलून ती आत गेली. गडचिरोलीची बस तोवर बरीच पुढं गेली होती.